साठीतली निगा: फ्रेंच बायकांच्या सवयी, पायरी पायरीने

फ्रान्समधल्या लिओं शहरात आम्ही राहायचो त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक मादाम होत्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना एकाहत्तरावं लागलं होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती. बाजाराची पिशवी घेऊन त्या रोज दोनदा तो जिना चढायच्या. चेहऱ्यावर भरपूर सुरकुत्या, मानेशी सरळ कापलेले पांढरे केस, आणि अंगात गडद निळा कोट. तो सतरा वर्षं जुना आहे, हे त्यांनीच अभिमानाने सांगितलेलं. त्या खाली उतरू लागल्या की तिशी-चाळिशीतल्या आम्ही बायका कठड्याला टेकून त्यांच्याकडे बघत राहायचो.

अकरा वर्षं मी तिथे होते. त्या मादामकडून, त्यांच्या मैत्रिणींकडून, औषधाच्या दुकानातल्या बाईंकडून आणि गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. फ्रेंचमध्ये ‘आंत्रतनीर’ असं एक क्रियापद आहे. घर, बाग, मैत्री, शरीर या सगळ्यांसाठी ते एकच वापरतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: निगा राखणं. बागेची निगा राखणारा झाडाला पुन्हा रोप करायला बघत नाही. त्या बायकांचं वयाशी असलेलं नातं मला असंच दिसलं.

आधी एक सांगायला हवं. मासिकांमधली ‘पॅरिसची बाई’, सडपातळ, गोरी, पैसेवाली, ही बरीचशी विकायला उभी केलेली मूर्ती आहे. ब्रिटनीतल्या खेड्यातली बाई, मार्सेयमधली अल्जीरियन घरातली आजी, मार्टिनिकहून आलेली नर्स या सगळ्या फ्रेंचच. आणि तिथल्या बायका काही न करता सुंदर म्हाताऱ्या होतात, हेही खरं नाही. लोरियाल ही कंपनी १९०९ साली पॅरिसमध्ये सुरू झाली ती केसांच्या कलपावरच. सुरकुत्या घालवायला सुया टोचून घेणाऱ्याही आहेत, फक्त त्याची चर्चा करत नाहीत. त्यामुळे गोऱ्या कातडीची जादू वगैरे शोधू नका. शिकण्याजोग्या आहेत त्या सवयी.

पहिली पायरी: आठवडाभर काहीही विकत घेऊ नका

सुरुवात आरशापासून. चेहऱ्यापुरता नाही, पायापर्यंत दिसणारा आरसा. रोजच्या घरच्या कपड्यांत समोरून, बाजूने आणि पाठमोरा असे तीन फोटो घरातल्या कोणाकडून काढून घ्या. बाजूचा फोटो सगळ्यात खरं बोलतो: मान किती पुढे आली आहे, खांदे कुठे गेलेत, कुडता पाठीवर कुठे चिमटतो.

मग वहीत दोन याद्या करा. पहिली, तुमच्या जमेच्या बाजूंची. डोळे, मनगटं, आवाज, केसांची दाटी, पोटऱ्या, काहीही चालेल. फ्रेंच मुलीला विशीतच स्वतःच्या दोन-तीन जमेच्या बाजू ठाऊक असतात आणि पुढची पन्नास वर्षं ती त्यांवरच लक्ष देते. आपल्याला मात्र उणिवा पाठ असतात. यादी सुचत नसेल तर खरं बोलणाऱ्या मैत्रिणीला विचारा. दुसरी यादी दुरुस्तीची: दातांची साफसफाई, भेगाळलेल्या टाचा, सैल झालेली ब्लाउजं, वाकलेला चष्मा. दुसऱ्या यादीत ‘सुरकुत्या’ लिहायचं नाही. जे दुरुस्त होत नाही त्याला यादीत जागा नाही.

एक कायमची खूण ठरवायची असेल तर ती पहिल्या यादीतून निघते. फ्रान्सच्या एकेकाळच्या मंत्री सिमोन वेल यांचा मागे बांधलेला अंबाडा आठवा. आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेल्या या बाई १९७४ साली गर्भपाताचा कायदा संसदेतून मंजूर करून घेताना जशा दिसत, तशाच म्हातारपणीही दिसत. चित्रपट-दिग्दर्शिका आन्येस वार्दा यांचा टोपीसारखा कापलेला केशसंभार तर टाळूवर पांढरा आणि खाली तांबूस असा दुरंगी होता. नव्वदीपर्यंत त्यांनी तो हौसेने मिरवला. दोघींची वृत्ती वेगळी, पण दुरूनही ओळखू येत.

दुसरी पायरी: पाठ, पाय आणि ज्याबद्दल आपण बोलत नाही ते

लिओंमधली क्र्वा-रूसची टेकडी म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. तिथल्या म्हाताऱ्या बायकांचे पाय व्यायामशाळेत घडलेले नाहीत. बाजार, जिना, नदीकाठ अशा चालण्यातून ते घडलेत. आर्ल गावची जान कालमां १२२ वर्षं जगली (१८७५ ते १९९७). तिने पंच्याऐंशीव्या वर्षी तलवारबाजी शिकायला घेतली आणि शंभरीपर्यंत ती सायकल चालवत होती. तिच्यासारखं आयुष्य मागून मिळत नाही, पण पंच्याऐंशीव्या वर्षी काहीतरी नवं सुरू करणं हातातलं आहे.

रोज एवढं करा. भिंतीला टाचा, नितंब, खांद्यांची पाती आणि डोक्याची मागची बाजू लावून एक मिनिट उभ्या राहा. डोकं भिंतीला टेकत नसेल तर ओढूनताणून टेकवू नका. हनुवटी किंचित आत घ्या, काही आठवड्यांत फरक पडतो. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. ओट्याला बोट लावून एका पायावर अर्धा मिनिट, मग दुसऱ्या. आणि अर्धा तास चालणं. पाळी गेल्यावर हाडं वेगाने विरळ होतात, म्हणून आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायामही हवा. पाण्याने भरलेल्या एकेक लिटरच्या दोन बाटल्यांनी सुरुवात केली तरी चालेल. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता महत्त्वाचं. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवणारी दहा सत्रं सरकारी आरोग्यविम्यातून मिळतात. सुईण किंवा फिजिओथेरपिस्ट ती घेते, आणि याबद्दल कोणी लाजत नाही. आपल्याकडे पन्नाशीतल्या कितीतरी बायका खोकताना, हसताना लघवीचे थेंब गळतात म्हणून लांबचा प्रवास टाळतात, गडद रंगाचेच कपडे घालतात, मनमोकळं हसणं सोडून देतात. आणि हे कोणाला सांगत नाहीत. मला हे फार लागतं, कारण बऱ्याच जणींचा त्रास व्यायामाने कमी होतो. वारा सरू नये म्हणून आपण जे स्नायू आवळतो ते आवळून पाच सेकंद धरा, तेवढाच वेळ सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, आणि लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. तीन महिन्यांत फरक नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. मोकळेपणाने हसता न येणारी बाई कितीही नीट नेसली तरी अवघडलेलीच दिसते.

तिसरी पायरी: कातडी

फ्रान्समध्ये कातडीची काळजी हा औषधाच्या दुकानाचा विषय आहे. हिरव्या क्रॉसचं दुकान, आत पांढऱ्या कोटातली बाई. तुम्ही तिला सांगता की गाल ओढल्यासारखे होतात, ती दोन प्रश्न विचारते आणि एक ट्यूब हातात ठेवते. तिथले प्रसिद्ध ब्रँड झऱ्यांच्या गावांवरून आले आहेत: आवेन, ला रोश-पोझे, विशी. आवेनच्या झऱ्यावर १७४३ पासून स्नानगृह आहे. आजही डॉक्टर अशा गावी अठरा दिवसांचे उपचार लिहून देतात आणि त्याचा काही खर्च विमा उचलतो. कातडी हा शरीराचाच एक अवयव आहे, नटण्याची पाटी नाही, ही समज तिथे फार जुनी आहे.

पण त्यांची प्रत्येक बाटली आपल्याला लागेल असं नाही. मायसेलर वॉटर, म्हणजे न धुता चेहरा पुसून घ्यायचं पाणी, तिथे इतकं का चालतं? पॅरिससकट अनेक भागांत नळाचं पाणी जड, चुनखडीचं आहे. त्याने तोंड धुतलं की कातडी ताठरते, म्हणून पाण्याशिवाय चेहरा पुसायची रीत पडली. तुमच्याकडे बोअरवेलचं जड पाणी असेल तर ती बाटली कामाची. धरणाचं मऊ पाणी येत असेल तर सौम्य फेसवॉशने भागतं.

रात्रीचा क्रम असा. काजळ आणि सनस्क्रीन आधी काढा. कापसाची चकती तेलात किंवा मायसेलर वॉटरमध्ये भिजवून मिटलेल्या डोळ्यावर पंधरा-वीस सेकंद नुसती ठेवा, मग खाली ओढून घ्या. चोळायचं नाही. डोळ्याभोवतीची कातडी चेहऱ्यावर सगळ्यात पातळ असते. मग चेहरा धुवा, टिपा, आणि थोडा ओलसर असतानाच क्रीम लावा. क्रीम हनुवटीपाशी थांबवू नका: मान, कानामागे, गळ्याखाली, आणि उरलेलं हातांच्या पंज्यांवर. चौथ्या मजल्यावरच्या मादाम हे दात घासण्याइतक्या नेमाने करायच्या. बाहेरून रात्री एकला आल्या तरी.

सकाळी नुसतं पाणी, क्रीम आणि सनस्क्रीन. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा ट्यूबवरचा आकडा, तीस किंवा जास्त. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, वाटाण्याएवढ्याने काही होत नाही. उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. इथे मात्र फ्रेंच बायकांच्या आधीच्या पिढीचं अनुकरण करू नका. १९२० नंतर तिथे उन्हात रापलेलं अंग ऐटीचं मानलं जाऊ लागलं, आणि पुढे दर ऑगस्टला समुद्रकाठी तास न् तास पडून राहायची पद्धत झाली. मादामच्या हातांवरचे तपकिरी डाग त्याचेच होते, आणि त्या आपल्या नातीला टोपी घालायला लावायच्या.

आपल्या कातडीत रंगद्रव्य जास्त, त्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात, पण वांग आणि काळे डाग लवकर. म्हणजे सनस्क्रीन आपल्यालाही हवंच, कारण वेगळं इतकंच. आणि कळकळीने सांगते: गोरं करणारी म्हणून कोणी हातात दिलेली ट्यूब चेहऱ्याला लावू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. पहिला महिना चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, हनुवटीवर केस येतात, आणि क्रीम थांबवलं की आग होते. वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञच.

सुरकुत्यांवर ज्याच्या परिणामाचा चांगला पुरावा आहे असं एकच औषधवजा द्रव्य मी इथे सुचवते: रेटिनॉल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप. आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढंच, कोरड्या चेहऱ्यावर, वरून क्रीम. कातडी सरावली की वाढवा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अजिबात नको.

चौथी पायरी: केसांचा निर्णय

क्रिस्तीन लागार्द १९५६ सालच्या. कुमारवयात त्या फ्रान्सच्या संघातून तालबद्ध जलतरण करायच्या, आता युरोपियन सेंट्रल बँकेच्या अध्यक्ष आहेत. त्यांचे रुपेरी केस जगभरच्या बातम्यांत दिसतात. सोफी फोंतानेल या फॅशन-पत्रकार बाईंनी पन्नाशीनंतर कलप थांबवला आणि केस पांढरे होत जाताना सगळ्यांसमोर होऊ दिले. दुसरीकडे १९४३ साली जन्मलेल्या अभिनेत्री कॅथरीन दनव आजही सोनेरी केसांतच दिसतात. फ्रेंच बायकांमध्येही यावर एकमत नाही. पण जे ठरवतात ते पुरतं करतात. दोन बोटं पांढरी मुळं आणि खाली तांबडी मेंदी असं अर्धवट राहू देत नाहीत.

पांढरे ठेवायचे ठरलं तर हिशेब करून ठेवा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. खांद्यापर्यंतचे केस पूर्ण बदलायला दोन वर्षं लागतात. कलप बंद करा, पहिले चार-पाच महिने भांग बदलत राहा, रुंद पट्टा किंवा स्कार्फ बांधा, आणि हनुवटीपर्यंत कापायची तयारी झाली की कापून टाका. मेंदी केसात मुरते, ती सहज उतरत नाही, तिला वाढून कापून जाऊ द्यावं लागतं. मेंदीवर ब्लीच करायच्या भानगडीत घरी पडू नका. पांढऱ्यात पिवळट छटा आली तर पंधरा दिवसांतून एकदा जांभळा शॅम्पू. कोरडेपणा वाढतो, म्हणून धुण्याआधी तेल आणि नंतर कंडिशनर दोन्ही. आणि हे ध्यानात ठेवा की केस बदलले की चेहऱ्याजवळचा रंग बदलावा लागतो. मातकट, फिका बदामी आता मळकट दिसेल. जांभळा, गडद निळा, डाळिंबी उठून दिसेल.

कलप लावायचा ठरलं तर त्यातही कमीपणा नाही. फक्त ठार काळा नको, मूळ रंगापेक्षा एक-दोन छटा फिका घ्या. उतरत्या वयाच्या चेहऱ्याभोवती काळाकुट्ट रंग नाकडोळे कठोर करतो. दर वेळी कानामागे थोडा लावून ४८ तास थांबा. कलपातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक उद्भवते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते तिच्यातही ते असू शकतं.

दोन्ही बाबतीत खरं काम कात्री करते. तिथल्या बायका दागिन्यावर खर्च करणार नाहीत, पण सहा ते आठ आठवड्यांनी केस कापून घेतात. लांब केस ठेवायचे असतील तर ठेवा, टोकं मात्र दर तीन महिन्यांनी.

पाचवी पायरी: कपाट

कपडे कमी आणि अंगाबरोबर बसणारे, एवढंच यातलं मर्म आहे, पण करायला ही पायरी सगळ्यात अवघड. मला दोन वर्षं लागली.

कपाट पूर्ण रिकामं करा. तीन ढीग: गेल्या वर्षभरात घातलेलं, दुरुस्तीने घालता येईल असं, आणि ‘बारीक झाले की घालीन’. तिसरा ढीग घरातून जाऊ द्या. तो रोज सकाळी तुम्हाला टोमणा मारतो. आईची पैठणी, लग्नातला शालू यांना हा नियम नाही. त्या वेगळ्या पेटीत.

मग दुसऱ्या ढिगाकडे. फ्रान्समध्ये गल्लीगल्लीत कपडे दुरुस्त करणाऱ्या बायका असतात. स्वस्तातली पँटसुद्धा विकत घेतली की लांबी आणि कंबर नीट करून घ्यायला थेट त्यांच्याकडे जाते. तीन जागा तपासा: खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपते का, बाही मनगटाच्या हाडाशी थांबते का, आणि कापड पाठीवर ताणतं का. फॅशन डिझायनर कोको शनेल सत्तरीत, १९५४ साली, पुन्हा धंद्यात उतरल्या तेव्हा त्यांनी केलेल्या जाकिटाच्या अस्तरात खालच्या कडेला बारीक साखळी शिवलेली असे. वजनाने जाकीट सरळ पडावं म्हणून. बाहेरून दिसत नसे. साडीला फॉल लावणाऱ्या बाईला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

साडी नेसणाऱ्यांसाठी याचा अर्थ एकच: ब्लाउज. चाळिशीत माप दिलेलं ब्लाउज साठीत घालू नका. दंड, छाती, पाठ सगळं बदललेलं असतं. नवीन माप द्या, आणि त्याआधी आतल्या कपड्यांचं माप घ्या. पाळी गेल्यावर छातीचा आकार बदलतो, तरी आपण वर्षानुवर्षं जुन्याच नंबराच्या ब्रा घेत राहतो. छातीखाली घट्ट आणि छातीवर सैलसर अशी दोन मापं टेपने घ्या, दुकानात घालून बघा. पट्टा पाठीत वर चढत असेल तर घेर मोठा होतोय. फ्रेंच बाई हा खर्च आधी करते, वरच्या कपड्याचा नंतर. कोणी बघणार आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नसतो.

खरेदीचंही एक शिस्तबद्ध गणित आहे. तिथे ‘सोल्द’ नावाचे सवलतीचे हंगाम कायद्याने ठरलेले, वर्षातून दोनदा, चार-चार आठवडे. मादाम आधीच दुकानात जाऊन वस्तू घालून बघायच्या, वहीत लिहून ठेवायच्या, आणि पहिल्या सकाळी जाऊन तेवढीच उचलायच्या. आपल्या दिवाळीच्या सेलला असं करून पाहा.

काय असावं? एक गडद निळं, एक राखाडी, एक पांढरं, आणि तुमचा असा एक रंग. निळ्या-पांढऱ्या आडव्या रेघांचा सुती सदरा तिथे सत्तरीतल्या बायकाही घालतात. तो मुळात नौदलाच्या खलाशांचा, १८५८ च्या आदेशाने गणवेशात आलेला. आणि एक रेशमी चौकोनी स्कार्फ. नव्वद सेंटीमीटरचा तो एर्मेस या महागड्या फ्रेंच कंपनीचा प्रसिद्ध रुमाल १९३७ पासून निघतो, लिओंच्या परिसरात छापला जातो. लिओं म्हणजे रेशमाचंच शहर. पण तो तेवढा महाग हवाच असं नाही. आईच्या जीर्ण रेशमी साडीच्या चांगल्या भागातून नव्वद बाय नव्वद कापून कडा हाताने दुमडून घेतलेला रुमाल मी आजही वापरते. लिओंच्या बाजारात दोन अनोळखी बायकांनी थांबवून तो कुठे मिळाला विचारलं होतं.

सहावी पायरी: रंगरंगोटी, थोडक्यात

ओठ किंवा डोळे, एकच. फाउंडेशनचा थर सुरकुत्यांत साचतो, म्हणून डागांवरच थोडं टिपा. भुवया वयाबरोबर विरळ होतात, पेन्सिलीने केसासारख्या बारीक रेघा काढा. आणि चष्मा हा मेकअपच समजा. तो रोज चेहऱ्याच्या मधोमध असतो, तरी आपण दुकानातली सर्वांत स्वस्त फ्रेम उचलतो. मादामचा जाड, कासवकवची फ्रेमचा चष्मा हा त्यांचा एकमेव ठळक दागिना होता.

जाहिरातींमधल्या चेहऱ्यांशी तुलना करू नका. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं अंग संगणकावर बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं छापणं बंधनकारक आहे.

सातवी पायरी: सुगंध

दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावाच्या परिसरातली अत्तरविद्या २०१८ साली युनेस्कोच्या वारसायादीत आली. तिथल्या शेतांत गुलाब आणि जाईच्या कुळातल्या फुलांबरोबर आपला निशिगंधही फुलतो. गेर्लें या फ्रेंच कंपनीचं १९२५ सालचं प्रसिद्ध अत्तर तर शालिमार बागेच्या नावाचं. तेव्हा सुगंधाच्या बाबतीत आपण परके नाही.

अत्तर निवडताना कागदाच्या पट्टीवर ठरवू नका. मनगटावर लावा, दुकानातून बाहेर पडा, तीन तासांनी पुन्हा हुंगा. तेव्हा जे उरतं तेच तुमच्याबरोबर दिवसभर राहणार. एका दिवशी दोनच वास, एकेका मनगटावर एक. लावताना मानेच्या मागे आणि कोपराच्या आतल्या घडीत. हात लांब केल्यावर समोरच्याला येऊ नये, जवळ घेतलं तर यावा, एवढंच प्रमाण. बऱ्याच बायका एकच अत्तर तीस-तीस वर्षं लावतात. नातवंडांच्या आठवणीत आजी तशी राहते, जशी माझ्या आठवणीत वाळ्याच्या वासाची माझी आजी आहे.

आठवी पायरी: ताट

फ्रेंच लोकांची साग्रसंगीत जेवणाची पद्धत २०१० साली युनेस्कोने वारसा म्हणून नोंदली. आधी काहीतरी छोटं, मग मुख्य ताट, मग चीज, मग गोड. बसून, गप्पा मारत, तासभर. रोज एवढं कोणी करत नाही, पण तीन गोष्टी रोजच्या आहेत. उभ्याने खायचं नाही. जेवणाच्या मध्ये चरायचं नाही. आणि जे खायचं ते उत्तम: दह्याचा १२५ ग्रॅमचा एक डबा, चीजचा बोटभर तुकडा, चॉकलेटच्या दोन वड्या.

आपल्या घरात बाई सगळ्यांना वाढून, उरलेलं उभ्या उभ्या संपवते. हे एक बदललंत तरी पुष्कळ. स्वतःचं ताट वाढून घ्या, बसा, आधी काकडीची कोशिंबीर किंवा सार, मग पोळी-भाजी-आमटी, आणि साठीनंतर प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी किंवा मासळी यांतलं काहीतरी ठळक प्रमाणात. गोड खायचं तर जेवणाच्या शेवटी, आवडीचंच. चार वाजताच्या चहाबरोबरची खारी आणि बिस्किटं मोजून दोन.

सिगारेट आणि काळ्या कॉफीवर दिवस काढून बारीक राहण्याची सवय तिथे अनेक बायकांना होती, काहींना अजून आहे. त्याचं कौतुक करू नका. ओठांवरच्या उभ्या रेघा, पिवळे दात आणि ठिसूळ हाडं ही त्याची किंमत मी जवळून पाहिली आहे.

नववी पायरी: लोकांत वावरणं

फ्रान्समध्ये दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हटल्याशिवाय बोलायला सुरुवात केलीत तर तुम्ही उद्धट ठरता. मान वर, डोळ्याला डोळा, स्पष्ट आवाज. दिवसातून दहा वेळा असं बोलणाऱ्या बाईचा कणा आपोआप सरळ राहतो. सरकारी अर्जांवरून ‘मादम्वाझेल’ हा अविवाहितेसाठीचा शब्द २०१२ साली काढला गेला. आता कागदोपत्री सगळ्याच ‘मादाम’. त्या हाकेत वय आणि मान दोन्ही येतं. आपल्याकडे साठीतली बाई अचानक सगळ्यांची ‘आजी’ होते आणि तिला तिचं नाव कोणी विचारत नाही. म्हणून नाव सांगायची सवय ठेवा. बँकेत, दवाखान्यात, सोसायटीच्या सभेत कोणी आजी म्हटलं तर हसून नाव सांगा, पुढच्या वेळी ते लक्षात राहतं.

बोलण्यात दुखण्याला दहा मिनिटं, मग दुसरं काही, असा मादामच्या मैत्रिणींचा अलिखित नियम होता. दर गुरुवारी त्या पाच जणी जमत. नवं प्रदर्शन, निवडणूक, कोणाच्या तरी प्रेमाची बातमी यावर तावातावाने भांडत. त्यातली एक विधवा होती, आणि तिचा एक मित्र होता. त्यावर कोणी कुजबुजत नसे. तिला ज्या दिवशी त्याच्याबरोबर जेवायला जायचं असे त्या दिवशी बाकीच्या चौघी तिचा स्कार्फ नीट करून द्यायच्या.

शेवटचा सराव एकटीने बसण्याचा. तिथल्या कॅफेत रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्यांवर सत्तरीतल्या बायका एकट्या बसलेल्या असतात. वर्तमानपत्र, छोटी कॉफी, घाई नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवा, मंगळवारी सकाळी अकराची वेळ चांगली, गर्दी नसते. आवडीचे कपडे घाला. जवळच्या हॉटेलात किंवा कॅफेत जा. मोबाइल पर्समध्ये ठेवा, पुस्तक बाहेर काढा, निदान चाळीस मिनिटं बसा. पहिल्या खेपेला वेटर विचारेल, अजून कोणी येणार आहे का. नाही म्हणा, आणि खिडकीजवळची जागा मागून घ्या.